‘अ लाँग व्हेकेशन’चा जुना एलपी घेतला, त्याबद्दल आणि तो बनला कसा त्याबद्दल

आधी वस्तूची माहिती देते, म्हणजे ज्यांना फक्त घ्यायची की नाही एवढंच बघायचंय त्यांना शोधत बसायला नको. जपानी गायक-संगीतकार एइची ओताकी यांचा ‘अ लाँग व्हेकेशन’, नायगारा लेबल, सीबीएस सोनी, २१ मार्च १९८१ ला निघालेला, कॅटलॉग नंबर २७एएच १२३४, माझ्याकडे आहे तो सेकंडहँड जपानी एलपी, कव्हरचे कोपरे घासलेत, ओबी म्हणजे जपानी रेकॉर्डच्या कव्हरला उभी गुंडाळलेली असते ती कागदी पट्टी नाहीये, गाण्यांच्या शब्दांचा कागद आहे, रेकॉर्डवर बारीक चरे आहेत पण सुई कुठे उडत नाही. तोक्योत कोएंजीला एका छोट्या दुकानात दोन हजार येनच्या थोडं वर मिळाला. पाचपैकी पाच स्टार. का ते सांगते, जरा लांबेल.

मी इथे निशी-कासाईला राहते, आता सहावं वर्ष. सिटी पॉपची, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी शहरी पॉप संगीताची, ओळख मला जपानला यायच्या आधी पुण्यातच झाली, यूट्यूबमुळे, बहुतेकांची तशीच होते, रात्री काम करत बसलेलं असताना आपोआप एक गाणं लागतं आणि मग दोन वर्षं आपण तेच ऐकत बसतो. पण हा अल्बम त्यात कधी समोर आलाच नाही, कारण ओताकींची गाणी स्ट्रीमिंगवर यायलाच २१ मार्च २०२१ उजाडलं, अल्बमला बरोबर ४० वर्षं झाली त्या दिवशी. इथल्या माझ्या ऑफिसातले पन्नाशीच्या पुढचे एक सीनिअर आहेत, ते एकदा जेवताना म्हणाले की तुम्ही सिटी पॉप ऐकता आणि लोनबाके ऐकलं नाही? जपानी लोक ह्या अल्बमला लाडाने लोनबाके म्हणतात, लाँग व्हेकेशनचं छोटं रूप. त्यांच्या चेहऱ्यावर मला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं, माझ्यासाठी.

पहिल्यांदा ऑनलाइन मागवला होता, तो वाकडा निघाला. विक्रेत्याने ‘उत्तम स्थिती’ लिहिलेलं आणि टर्नटेबलवर ठेवला तर सुई होडीसारखी वरखाली. पैसे परत मिळाले पण दोन आठवडे मेलामेली करून, म्हणून सांगते, हा अल्बम ऑनलाइन घेऊ नका, जपानमध्ये तो प्रचंड विकला गेलेला आहे, पुढे दहा लाखांच्या वर गेला, त्यामुळे तोक्योत जुन्या रेकॉर्डच्या दुकानात तो सहसा मिळतोच, हातात घ्या, उजेडात तिरका धरून बघा, मग पैसे द्या.

कोएंजीच्या दुकानातले मालक साठीच्या पुढचे. मी रेकॉर्ड काउंटरवर ठेवली तर म्हणाले, “घरी न्यायच्या आधी इथे एकदा ऐका, आमच्या स्पीकरवर.” त्यांनी स्वतः ती पुसली, लावली, आवाज वाढवला आणि बोट ओठांवर ठेवलं.

पहिल्या गाण्याचं नाव ‘किमि वा तेन्नेन्शोकु’. आणि सुरुवातीला गाणं नाहीच. पियानोवर एक सूर वाजतो, बाकीचे त्याला आपापला सूर जुळवून घेतायत, तबला लावताना बैठकीत जसं थोडा वेळ चालतं ना अगदी तसं, कुणीतरी दोन-चार सूर इकडेतिकडे छेडतं, खोलीत माणसं आहेत हे कळतं. मग ड्रमच्या काठ्या एकमेकींवर आपटून मोजणी होते आणि सगळं एकदम अंगावर येतं. एकदम म्हणजे एकदमच. दुकानात शेजारी एक मुलगा रेकॉर्ड चाळत होता तोही थांबला. उन्हात दार उघडल्यावर डोळे दिपतात तसं कानांचं होतं, आणि त्या सगळ्या आवाजाच्या वर ओताकींचा आवाज मऊ, जवळून, काही घाई नसल्यासारखा.

हा आवाज बनवला कसा हे कळल्यावर तर मी अल्बम परत पहिल्यापासून ऐकला. १९८० चा वसंत, तोक्योतला सीबीएस सोनीचा रोप्पोंगी स्टुडिओ, साउंड इंजिनिअर तामोत्सु योशिदा. त्या काळापर्यंत मल्टिट्रॅक मशीन सगळीकडे आलेली होती, म्हणजे ड्रम आज, बेस उद्या, गिटार परवा असं एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करून नंतर जुळवायची सोय होती आणि बहुतेक जण तसंच करायचे, स्वच्छ यायचं. ओताकींनी उलटं केलं. वीसेक वादक एका वेळी स्टुडिओत बसवले. अकूस्टिक गिटारवालेच चार-पाच, सगळे तोच कॉर्ड वाजवतायत, पियानो आणि कीबोर्डवर तीन-चार जण, ते पण जवळपास तेच वाजवतायत, पर्कशनवाले वेगळे चार-पाच, कुणाच्या हातात खुळखुळा, कुणाच्या हातात टाळ्यांसारखं काहीतरी, ड्रम, बेस, आणि सगळ्यांनी एकत्र, एका दमात.

आता कुणी विचारेल की एक गिटार रेकॉर्ड करून तिचा आवाज चौपट का नाही वाढवायचा. तर तसं केलं तर एकच गिटार मोठी ऐकू येते, बस. चार माणसं तोच कॉर्ड वाजवतात तेव्हा ती कधीच तंतोतंत एकत्र वाजवत नाहीत, एकाचा हात केसभर आधी पडतो, एकाची तार किंचित चढी असते, एकाची गिटारच जाड आवाजाची असते, आणि ह्या बारीक फरकांमुळे आवाजाला अंग येतं, धान्याच्या राशीसारखं, दाणा वेगळा दिसत नाही पण रास दिसते. वर सगळे एका खोलीत असल्यामुळे ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्ये जातो, गिटारचा पियानोच्या, आणि त्याच्यावर एको चढवला की कुठलं वाद्य कुठे संपतं ते कळेनासं होतं. ही पद्धत मूळची अमेरिकन, फिल स्पेक्टरची, १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत त्याने अशी रेकॉर्डिंगं केली, त्याला ‘वॉल ऑफ साउंड’ म्हणतात. ओताकींनी ती वर्षानुवर्षं अभ्यासली होती, आधीच्या अल्बममध्ये करूनही बघितली होती, पण एवढी माणसं, एवढा मोठा स्टुडिओ आणि पाठीशी मोठी कंपनी हे आत्ता जुळून आलं.

माझी आई डोंबिवलीहून व्हिडिओ कॉलवर होती तेव्हा मागे हे चालू होतं. ती मध्येच म्हणाली, “अगं, हे काय लावलंयस? आपल्या जुन्या गाण्यांसारखं भरलेलं वाटतंय.” तिला जपानी गाण्यांचं काहीही माहीत नाही, पण कान बरोबर जागी गेला. मुंबईत ताडदेवच्या फेमसमध्ये आणि बाकीच्या स्टुडिओंत जुनी फिल्मची गाणी अशीच व्हायची, पन्नास-साठ वादक, गायक, सगळे एकाच वेळी, एकाने चूक केली की सगळ्यांनी परत. तो आवाज ज्यांच्या कानात लहानपणापासून बसलाय त्यांना हा अल्बम परका वाटणारच नाही असं मला मनापासून वाटतं.

ओताकी म्हणजे कोण हे थोडक्यात. जन्म २८ जुलै १९४८, उत्तरेकडचा इवाते प्रांत, थंडीचा भाग. १९७० मध्ये पहिला अल्बम काढणारा ‘हॅपी एंड’ नावाचा चार जणांचा बँड होता, रॉक जपानी भाषेत गाता येतं हे ज्यांनी दाखवून दिलं त्यांत हे मुख्य, त्यातले एक ओताकी, बाकी तिघं हारुओमी होसोनो, शिगेरु सुझुकी आणि ड्रमवर ताकाशी मात्सुमोतो, हाच मात्सुमोतो गाणी पण लिहायचा. बँड १९७२ संपताना संपला. मग ओताकींनी स्वतःचं लेबल काढलं, नाव नायगारा, कारण ओताकी ह्या आडनावाचा अर्थच मोठा धबधबा. तात्सुरो यामाशिता आणि ताएको ओनुकी ज्या ‘शुगर बेब’ बँडमध्ये होते त्यांचा ‘साँग्स’ हा १९७५ चा अल्बम ह्याच लेबलवर निघाला, म्हणजे आज ज्याला आपण सिटी पॉप म्हणतो त्याच्या पायाचे दगड ह्या माणसाच्या अंगणात पडलेले आहेत.

पण नायगाराचं काही नीट चाललं नाही. कोलंबिया ह्या रेकॉर्ड कंपनीशी तीन वर्षांत बारा अल्बम असा करार झाला होता, त्या बदल्यात घरच्या स्टुडिओत १६ ट्रॅकचं मशीन आलं, आणि मग एक माणूस लिहितोय, गातोय, टोपणनावाने स्वतःच इंजिनिअर बनून रेकॉर्डही करतोय, वेळेवर अल्बम देतोय, आणि ते विकले जात नाहीयेत. १९७८ मध्ये ते सगळं थांबलं. म्हणजे लाँग व्हेकेशन करायला बसले तेव्हा मागे यश फारसं नव्हतंच, जाहिरातींच्या जिंगल्स सोडल्या तर, त्या मात्र फार छान करायचे, सायडरच्या, म्हणजे तिथल्या गोड सोड्याच्या, जाहिरातीतलं त्यांचं १९७३ चं गाणं अजून लोकांना आठवतं.

तो घरचा स्टुडिओ फुस्साला होता. फुस्सा तोक्योतच येतं पण पश्चिमेला अगदी लांब, ताचिकावाहून ओमे लाइनने जायचं. मागच्या जूनमध्ये मी एका रविवारी गेले, त्यांचं घर वगैरे शोधायला नाही, ते मला आवडत नाही, नुसता तो भाग बघायला. स्टेशनवरून चालत सोळा नंबरच्या हायवेला लागलं की समोर योकोता, अमेरिकन हवाई दलाचा तळ, लांबच लांब कुंपण, आणि रस्त्याच्या ह्या बाजूला इंग्रजी पाट्यांची दुकानं, जुने जीन्स, जुनं फर्निचर, बर्गर. आत गल्ल्यांमध्ये अमेरिकन सैनिकांसाठी बांधलेली बैठी लाकडी घरं काही ठिकाणी अजून आहेत, समोर थोडं गवत, रुंद खिडक्या, जपानी घरांपेक्षा एकदम वेगळी. सत्तरच्या दशकात अशी घरं भाड्याने स्वस्त मिळायची म्हणून कलाकार मंडळी इकडे यायची. तेवढ्यात डोक्यावरून एक करडं मालवाहू विमान इतकं खालून गेलं की मी खाली वाकले. समुद्र तिथून कुठल्या कुठे. पाम नाही, स्विमिंग पूल नाही. आणि जपानच्या सगळ्यात प्रसिद्ध उन्हाळी अल्बमचा माणूस इथे राहायचा.

त्या उन्हाळ्याचं चित्र आधी आलं, गाणी नंतर. कव्हरवरचं चित्र हिरोशी नागाइ यांचं, निळं पाणी, पामची झाडं, कडक ऊन, माणूस एकही नाही. १९७९ मध्ये नागाइंची चित्रं आणि ओताकींचा मजकूर असं ‘अ लाँग व्हेकेशन’ ह्याच नावाचं चित्रांचं पुस्तक निघालं होतं आणि अल्बमला नाव तिथून मिळालं. एलपीच्या आकारात हे कव्हर बघणं हा वेगळाच आनंद आहे, मोबाइलवर नखाएवढं दिसतं त्यात काही कळत नाही. जवळून बघितलं की सावल्या किती काळ्या आहेत ते लक्षात येतं, भर दुपारच्या उन्हातल्या सावल्या, कडा कापून काढल्यासारख्या. मी ते भिंतीवर टेकवून ठेवते, फेब्रुवारीत तोक्योच्या कोरड्या थंडीत त्याच्याकडे बघत चहा पिते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

अल्बम १९८१ च्या मार्चमध्ये यायचाच नव्हता. तो २८ जुलै १९८० ला यायचा होता, ओताकींच्या वाढदिवशी, भर उन्हाळ्यात. संगीत वसंतात रेकॉर्ड व्हायला लागलं होतं, चाली तयार, शब्द मात्र नव्हते, शब्द लिहिणार होता मात्सुमोतो. हॅपी एंडनंतर दोघांच्या वाटा बरीच वर्षं वेगळ्या होत्या, मात्सुमोतोने ड्रम सोडून गीतकार म्हणून मोठं नाव कमावलं होतं, आणि ओताकींनी त्याला सांगितलं की ह्या वेळी शब्द तूच लिही. तो हो म्हणाला. आणि मग त्याची धाकटी बहीण गेली. लहानपणापासून तिचं हृदय कमजोर होतं, गेली तेव्हा विशीत होती. मात्सुमोतोला एक ओळ लिहिता येईना. त्याने ओताकींना सांगितलं की माझ्याने नाही होणार, तुम्ही दुसरं कुणीतरी बघा.

ओताकींनी दुसरं कुणी बघितलं नाही. अल्बमच पुढे ढकलला. तुझ्या शब्दांशिवाय हा अल्बम नाही, तू बरा झालास की लिही, मी थांबतो, असं.

विचार करा, आधीचे अल्बम चाललेले नाहीत, नवीन कंपनी, महागडा स्टुडिओ, वीस-वीस वादकांचे पैसे दिलेले, उन्हाळ्याचा अल्बम आणि उन्हाळाच हातातून चाललाय. तरी थांबला हा माणूस. मला ह्याचं फार वाटतं. आपण कामाच्या ठिकाणी बघतो ना, घरात कुणी गेलं तरी तिसऱ्या दिवशी मेल येतो की अपडेट काय.

मात्सुमोतोने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय की त्या दिवसांत तो शिबुयाच्या रस्त्यावर चालत होता आणि त्याला सगळं शहर काळंपांढरं दिसायला लागलं, रंगच गेले. शिबुया म्हणजे जाहिराती, दिवे, माणसं, सगळ्यात रंगीत जागा. आणि तो जेव्हा परत लिहायला बसला तेव्हा त्याने पहिल्या गाण्यात तेच घातलं. ‘तेन्नेन्शोकु’ म्हणजे नैसर्गिक रंग, पण जुन्या जपानी माणसाला ह्या शब्दावर रंगीत सिनेमाची पोस्टर आठवतात, काळ्यापांढऱ्या सिनेमांच्या जमान्यात एखादा रंगीत आला की त्यावर हा शब्द मोठ्या अक्षरात असायचा, आपल्याकडे पोस्टरवर ‘ईस्टमन कलर’ लिहायचे तसं. गाण्यात तो म्हणतो की आठवणी काळ्यापांढऱ्या आहेत, त्यांना रंग दे. वरवर बघितलं तर सोडून गेलेल्या मुलीचं गाणं. ऐकणाऱ्याला ते तसंच ऐकू येतं आणि यायलाच हवं.

पण क्रम लक्षात घ्या. ते पियानोचं जुळवणं, त्या काठ्या, ते वीस जणांचं एकदम सुटणं, हे सगळं त्या वसंतात रेकॉर्ड झालं तेव्हा त्या चालीला शब्द नव्हते आणि ती बहीण हयात होती. शब्द नंतर, ती गेल्यावर बसवले. म्हणजे रेकॉर्डवर जे ऊन ऐकू येतं ते खरोखर आधीचं ऊन आहे, आणि त्याच्यावर गाणारा माणूस त्याच्याकडे मागे वळून बघतोय. मला हे कळायच्या आधीही ऐकताना काहीतरी वाटत होतं, चाल नाचरी आणि पोटात खड्डा, कारण कळत नव्हतं. आता मी ती सुरुवातीची जुळवाजुळव ऐकते तेव्हा मला त्या खोलीतल्या माणसांचा हेवा वाटतो, त्यांना पुढचं काही माहीत नाहीये.

गाण्याचं रेकॉर्डिंग ओताकी एकटे करायचे. वादक एवढे एकत्र, पण स्वतःचा आवाज देताना लोकांना बाहेर काढायचे आणि मशीनही स्वतः चालवायचे, तुकड्यातुकड्याने, एखादी ओळ, एखादा शब्द परत परत. त्यामुळे आवाज कानाशी बोलल्यासारखा आहे, एवढ्या भिंतीएवढ्या संगीतापुढे ओरडत नाही कुठे. ह्याच गाण्याची एक गंमत आहे, कोरसपाशी रेकॉर्ड झालेलं संगीत वरच्या पट्टीत चढत होतं आणि गायला उभे राहिल्यावर त्यांना ते बसेना. आता वीस वादकांना परत कोण बोलावणार, मग हार्मनायझर नावाच्या मशीनमधून तेवढाच भाग खाली उतरवला. कोरस सुरू होतो तिथे आवाजाचा पोत किंचित बदलतो, जरा थरथरता आणि ओला झाल्यासारखा, चांगल्या स्पीकरवर ऐका, कळेल. मला तर तो भाग त्यामुळेच आवडतो.

बाकीच्या गाण्यांबद्दल सगळं लिहीत नाही. ‘कानारिया शोतो नि ते’ म्हणजे कॅनरी बेटांवर, त्यात बर्फ घातलेल्या चहावर संत्र्याची पातळ चकती तरंगते, एवढ्या एका चकतीने सगळी दुपार उभी राहते. लिहिलं तेव्हा मात्सुमोतो त्या बेटांवर गेलेलाच नव्हता. ‘कोइसुरु कारेन’ हे दुःखी माणसाचं सगळ्यात भव्य गाणं, आवडती मुलगी दुसऱ्याबरोबर नाचतेय आणि हा बघतोय, आणि मागे पूर्ण स्टुडिओ त्याच्या वतीने रडतोय. ‘पाप्पीदूबीदूबा मोनोगातारी’ एकटंच असं की ज्याचे शब्द ओताकींचे स्वतःचे, खेळकर आहे, पण खरं सांगायचं तर पहिल्या बाजूची लय मला तिथे थोडी तुटल्यासारखी वाटते, आणि ‘पिनबॉल’वालं गाणंही मी कधी कधी सोडते. पाच स्टार तरीही.

दुसरी बाजू उघडते ‘आमे नो वेन्झडे’ने, पावसातला बुधवार. आणि इथे भिंत नाहीये. थोडी माणसं आहेत फक्त. ड्रमवर तात्सुओ हायाशी, इलेक्ट्रिक पियानोवर मासाताका मात्सुतोया, गिटारवर शिगेरु सुझुकी, बेसवर हारुओमी होसोनो. शब्द मात्सुमोतोचे, आवाज ओताकींचा. मोजा आता. हॅपी एंडचे चौघंच्या चौघं एका गाण्यात. कुठे लिहिलेलं नाही, जाहिरात नाही की बँड परत एकत्र आला. होसोनो तेव्हा यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा ह्या त्याच्या नव्या बँडमुळे जपानमध्ये घराघरात पोचलेला होता, त्याने इथे येऊन अगदी शांत बेस वाजवलाय, पावसात कुणाच्या तरी शेजारी नुसतं चालावं तसा. मला ह्या अल्बममधलं एकच गाणं ठेवायला सांगितलं तर पहिलं गाणं सोडून मी हे ठेवीन.

‘फन बाय फोर’ हे शेवटून दुसरं, आनंदी, मध्येच हिरोमी ओता ही गायिका येऊन एक वाक्य बोलून जाते. आणि मग सगळा उन्हाळा संपवून शेवटचं ‘साराबा शिबेरिया तेत्सुदो’, निरोप, सायबेरिया रेल्वे. स्विमिंग पूल, पाम, संत्रं, आणि शेवटी बर्फात धावणारी आगगाडी, घोड्याच्या टापांसारखी लय. हे गाणं आधी १९८० मध्येच हिरोमी ओताने गायलेलं होतं. सुरुवातीला मला वाटायचं हे इथे कशाला. आता वाटतं की उशिरा आलेल्या उन्हाळ्याला हिवाळ्यातून यावं लागलं, तो हिवाळा त्यांनी लपवला नाही.

कुणी म्हणतात हे सिटी पॉप नव्हेच, ह्यात फंक नाही, डिस्को नाही, चकचकीत कीबोर्ड नाही, हे साठच्या दशकातल्या अमेरिकन पॉपचं जपानी रूप आहे. वादनाच्या हिशोबाने त्यांचं बरोबर आहे. पण शहरात राहून, कामाला जाऊन, कुठल्यातरी किनाऱ्याची स्वप्नं बघणाऱ्या माणसांचं संगीत म्हणून जर आपण सिटी पॉप म्हणत असू तर हा अल्बम त्यात नसेल तर काय असेल. माझी सकाळची तोझाई लाइनची मेट्रो, उभं राहायलाही जागा नसलेली, आणि कानात हे.

अजून एक, कारण अल्बमचं नशीब बघा. १ ऑक्टोबर १९८२ ला सोनीने पहिला सीडी प्लेअर बाजारात आणला, त्याच दिवशी पहिल्या सीडींची तुकडी विकायला आली, त्या पन्नासेक सीडींमध्ये हा अल्बम होता. म्हणजे एका खोलीत वीस माणसं जुन्या पद्धतीने बसवून केलेली रेकॉर्ड जगातल्या पहिल्या सीडींमध्ये. ओताकी नंतर १९८४ मध्ये अजून एक अल्बम करून जवळपास गप्पच झाले, रेडिओवर बोलायचे, जुनं संगीत अभ्यासायचे, ह्याच अल्बमची मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्ड काढायच्या आधी आवाज शेवटचा नीट बसवायचं काम, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा सुधारत राहायचे. ३० डिसेंबर २०१३ ला गेले, वय ६५.

आता घ्यायचं कुठलं. मी जुना एलपी आणि मैत्रिणीकडचा २०२१ चा चाळिसाव्या वर्षाचा एलपी एकाच दिवशी, एकाच मशीनवर ऐकले. नवा जास्त स्वच्छ आहे, पर्कशनचे बारीक आवाज वेगळे कळतात, आणि नवा असल्याने चरचर नाही. जुना थोडा धूसर, पण ‘किमि वा तेन्नेन्शोकु’ला ती सुरुवातीची धडक जुन्यावर जास्त छातीत लागते, निदान माझ्या घरी. फक्त ऐकायचं असेल आणि टर्नटेबल नसेल तर स्ट्रीमिंगवर बिनधास्त ऐका, हेडफोन लावून, पण पहिलं गाणं पुढे ढकलू नका, ती जुळवाजुळव ऐकायचीच. तोक्योला कुणी येणार असेल आणि आणायला सांगणार असाल तर सामानात एलपी उभा ठेवायला सांगा, आडवा कपड्यांखाली दाबला की वाकतो. ओबी असलेला मिळाला तर हजारभर येन जास्त पडतील, द्या, मी तेव्हा ते वाचवले आणि आता दर वेळी दुकानात गेले की ओबीवाला दिसतो का ते बघते. मागच्या शनिवारी दिसला, एक म्हातारे गृहस्थ तो हातात धरून उभे होते, मी बाजूला थांबले, त्यांनी तो घेतला.